परदेशी जाताना मुलांच्या शाळेचा खर्च: हिशेब थोरल्या मुलीपासून सुरू करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: हातात दोन ऑफर आहेत, एक दुबईची आणि एक नेदरलँड्समधल्या आइंडहोवनची. मुलगी १३ वर्षांची, मुलगा ४ वर्षांचा. दुबईत पगार जास्त आणि त्यावर इन्कम टॅक्स नाही. नेदरलँड्समध्ये पगार कमी, टॅक्स भरपूर, पण ‘शाळा फुकट’. मुलांची शाळा धरली तर कुठे जास्त शिल्लक राहील, हे तुम्हाला हवंय.

मुलगा एकटाच असता तर मी ‘नेदरलँड्स’ एवढं एका शब्दात सांगून मोकळा झालो असतो. मुलगी १३ ची आहे म्हणून उत्तर लांबणार आहे. परदेशी नेमणुकांची कामं मी बरीच वर्षं करतोय आणि ऑफर लेटरमधला शिक्षणाचा परिच्छेद वाचणं हे त्यातलं रोजचं काम. बहुतेक आईवडील हिशेब धाकट्यापासून धरतात, कारण त्याच्या शाळाप्रवेशाची घाई समोर दिसत असते. चार वर्षांचं मूल कुठल्याही भाषेत, कुठल्याही शाळेत वर्षभरात रुळतं. तेराव्या वर्षी तसं होत नाही. पुढच्या पाच वर्षांत तिच्या दोन मोठ्या परीक्षा आणि कॉलेजचा प्रवेश आहे. त्यातलं एक वर्ष जरी वाया गेलं, तरी धाकट्याच्या फीमध्ये वाचवलेले पैसे त्यात सहज जातात.

आधी ‘फुकट’चं बघू. सरकारी शाळा फुकट आहे की नाही, हे निव्वळ देशावर ठरत नाही. तुमचा व्हिसा कोणता आणि मूल कोणत्या नात्याने तिथे राहणार, यावर ते ठरतं. अमेरिकेत एच-४ किंवा एल-२ वर (आईवडिलांच्या वर्क व्हिसाला जोडून मिळणारे व्हिसा) आलेलं मूल घराजवळच्या पब्लिक स्कूलमध्ये बारावीपर्यंत फुकट शिकतं. तेच मूल स्वतःच्या एफ-१ विद्यार्थी व्हिसावर गेलं तर पब्लिक स्कूलचा आठवीपर्यंतचा दरवाजा बंद. हायस्कूल फक्त १२ महिने, आणि तेही सगळा खर्च स्वतः भरून. ऑस्ट्रेलियात नियम राज्यागणिक बदलतो. न्यू साऊथ वेल्स तात्पुरत्या वर्क व्हिसावरच्या कुटुंबांकडून सरकारी शाळेची फी घेतं, कायम वास्तव्य मिळालेल्यांकडून घेत नाही. सिंगापूरच्या सरकारी शाळांत परदेशी मुलांना फी कितीतरी जास्त असते, पहिलीनंतर शिरायला बहुधा एईआयएस ही परीक्षा द्यावी लागते, आणि पास झालं तरी जागेची हमी नसते.

तुमच्या दोन ठिकाणांपुरतं बोलायचं तर नेदरलँड्समध्ये राहणाऱ्या प्रत्येक मुलाला शाळा सक्तीची आहे आणि सरकारी अनुदानावरची शाळा फुकट आहे. दुबईत सरकारी शाळा मुख्यतः तिथल्या नागरिकांच्या मुलांसाठी आणि अरबी माध्यमाच्या. बाहेरून आलेल्यांची मुलं खासगी शाळांतच जातात, म्हणजे फी ही भरायचीच.

दुबईचा एक फायदा मात्र मोठा आहे: आकडे लपलेले नसतात. तिथल्या खासगी शाळांवर केएचडीए या सरकारी यंत्रणेची नजर असते. प्रत्येक शाळेची इयत्तावार मंजूर फी आणि तपासणीतला दर्जा तिच्या वेबसाइटवर बघायला मिळतो. (दर्जा बघताना ती तपासणी कोणत्या वर्षीची, तेही बघा.) फीचा पल्ला भलताच रुंद आहे. सीबीएसई शाळांत ती काही हजार दिरहमपासून सुरू होते, ब्रिटिश आणि आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट हा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम) शाळांत वरच्या वर्गाला वर्षाला लाखाच्या पुढेही जाते. फीवाढीलाही लगाम आहे. शाळांना वाढ किती करता येईल त्याची मर्यादा ठरवून दिली जाते, २०२५-२६ साठी ती २.३५ टक्के होती. हे वाचून लोक निश्चिंत होतात आणि तिथेच चुकतात, कारण खरी वाढ इयत्ता बदलली की होते. केजीची फी सर्वात कमी, बारावीची सर्वात जास्त, आणि मुलं दर वर्षी एक पायरी वर चढतात. तेव्हा आज दोघांची फी किती, एवढ्यावर थांबू नका. शाळेच्या तक्त्यात थोरलीच्या पुढच्या पाच इयत्ता आणि धाकट्याच्या पुढच्या पाच इयत्ता शोधा आणि त्या दहा आकड्यांची बेरीज करा. ही बेरीज करून आलेलं कुटुंब मला क्वचितच भेटतं.

आता एक बिल जवळून बघू. आकडे समजण्यापुरते घेतलेत, पण बिलाची ठेवण अशीच असते. समजा मुलाची फी ४५,००० दिरहम आणि मुलीची ६५,०००, म्हणजे फी झाली १,१०,०००. दोघांची स्कूल बस १२,०००. गणवेश, पुस्तकं आणि मुलीला शाळेनं सांगितलेला लॅपटॉप किंवा टॅब मिळून ८,०००. डबा किंवा कँटीन, सहली, शाळा सुटल्यावरचे वर्ग आणखी ८,०००. एकूण १,३८,०००. कंपनी ‘शिक्षण भत्ता, प्रति मूल ४०,००० पर्यंत’ देते असं धरलं तर हातात येतात ८०,०००. उरलेले ५८,००० तुमच्या खिशातून, महिन्याला जवळपास ४,८००. पगाराची तुलना करताना हे ४,८०० आधी वजा करा आणि मग दोन्ही ऑफर शेजारी ठेवा.

यात मी अर्जाची फी, प्रवेश परीक्षेची फी आणि जागा राखण्याची रक्कम धरलेली नाही. जागेची रक्कम बहुधा पहिल्या टर्मच्या फीमध्ये वळती होते, पण तुम्ही गेला नाहीत तर परत मिळत नाही. दोन-तीन शाळांत जागा अडवून ठेवायची म्हटली तर एक सोडून बाकीच्या रकमांवर पाणी सोडायची तयारी हवी. दहावीच्या सुमाराला परीक्षा मंडळाची विषयवार फी येते, आणि शाळेच्या वार्षिक फीमध्ये ती सहसा नसते. इंग्रजी कच्चं असेल तर जादा तासांचे पैसे वेगळे. मुलाला शिकताना विशेष मदत लागत असेल, म्हणजे डिस्लेक्सिया, ऑटिझम किंवा असं काही असेल, तर हा प्रश्न सगळ्यात आधी विचारा. दुबईत वर्गात सोबत बसणाऱ्या सहायकाचा पगार अनेकदा आईवडिलांना द्यावा लागतो आणि तो शाळेच्या फीइतकाही होऊ शकतो. नेदरलँड्समध्ये २०१४ पासून योग्य जागा शोधून देण्याची जबाबदारी शाळेवर आहे. अमेरिकेत तर कायद्यानेच पब्लिक स्कूलला ही मदत फुकट द्यावी लागते. अशा मुलाच्या बाबतीत बाकीचा हिशेब बाजूला ठेवून देश निवडला तरी चालेल.

ब्रोशरबद्दल एकच सांगतो. त्यात घोडेस्वारीचे फोटो असले म्हणजे घोडा फीमध्ये धरलेला नसतो.

आता नेदरलँड्स. मुलाचं सोपं आहे. तिथे चौथा वाढदिवस झाला की मूल प्राथमिक शाळेत जाऊ शकतं आणि पाचव्यानंतर सक्ती. फी नाही. शाळा ‘पालक वर्गणी’ मागतात, सहसा किरकोळ. ती ऐच्छिक असते आणि दिली नाही म्हणून मुलाला सहलीतून किंवा कार्यक्रमातून वगळता येत नाही, असा कायदा २०२१ पासून आहे. पैसा जातो तो शाळेबाहेरच्या तासांवर. शाळा दुपारी दोन-तीनला सुटते, बुधवारी अनेक ठिकाणी त्याहून लवकर. दोघंही नोकरी करणार असाल तर शाळेनंतरची पाळणाघराची सोय घ्यावी लागेल आणि ती स्वस्त नाही. त्यावर सरकारी भत्ता मिळतो, पण साधारणपणे दोघंही काम करत किंवा शिकत असतील तरच. तुमच्यापैकी एकानं नोकरी सोडून जायचं ठरवलं असेल तर हा खर्च येत नाही, मात्र एक पगारही येत नाही. हे तुम्ही प्रश्नात लिहिलेलं नाही. माझ्या मते ते शाळेच्या फीपेक्षा मोठं कलम आहे, तेव्हा आधी ते ठरवा.

मुलीसाठी तीन वाटा आहेत. पहिली, डच शाळा. १२ ते १८ वयाच्या नव्याने आलेल्या मुलांसाठी तिथे भाषेचे वेगळे वर्ग असतात, त्यांना आयएसके म्हणतात. एक-दोन वर्षं डच शिकायचं आणि मग नेहमीच्या माध्यमिक शाळेत जायचं. हे सगळं फुकट, पाठ्यपुस्तकंसुद्धा. अडचण अशी की डच मुलांचे प्रवाह बाराव्या वर्षीच वेगळे होतात: व्यवसायशिक्षणाकडे नेणारा व्हीएमबीओ चार वर्षांचा, मधला हाव्हो पाच वर्षांचा आणि विद्यापीठात थेट नेणारा व्हीडब्ल्यूओ सहा वर्षांचा. तेराव्या वर्षी शून्यातून डच सुरू करणारी हुशार मुलगी भाषेपायी खालच्या प्रवाहात बसू शकते. वर चढता येतं, पण त्यात वर्षं जातात. मुलगी चिकाटीची असेल आणि तुम्ही तिथेच स्थायिक व्हायचं ठरवलं असेल, तर ही वाट वाईट नाही. ‘तीन वर्षं राहून बघू’ म्हणणाऱ्यांनी तिच्या वाटेला जाऊ नये.

दुसरी वाट तुमच्यासारख्यांसाठीच आहे आणि बाहेरून येणाऱ्यांना ती बऱ्याचदा माहीतच नसते: सरकारी अनुदानावर चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय शाळा. माध्यम इंग्रजी, माध्यमिकला बहुतेक ठिकाणी आयबी. सरकार वाटा उचलतं म्हणून फी वर्षाला साधारण ५ ते ९ हजार युरोंच्या पट्ट्यात. आइंडहोवनमध्ये अशी शाळा आहे. पूर्ण खासगी आंतरराष्ट्रीय शाळा ही तिसरी वाट, तिथे २० हजार युरोंच्या वरची तयारी लागते. अनुदानित शाळेत शिरायला अट असते: पालक मर्यादित काळासाठी नेदरलँड्समध्ये कामाला आले आहेत, असं कंपनीचं पत्र लागतं. एचआरनं ते पत्र सरधोपट लिहून दिलं तर अर्ज अडकतो. पत्राचा मजकूर शाळेकडून मागवा आणि एचआरला तसाच द्या.

या ठिकाणी एक गोष्ट तुमच्या पगाराच्या बोलणीत घाला. परदेशातून आणलेल्या कर्मचाऱ्यांसाठी नेदरलँड्समध्ये ती प्रसिद्ध ३० टक्के सवलत आहे, म्हणजे पगाराच्या तेवढ्या भागापर्यंत टॅक्स लागत नाही (२०२७ पासून २७ टक्के, आणि जास्तीत जास्त पाच वर्षं). ती बहुतेकांना ठाऊक असते. तिच्या जोडीनं कंपनी आंतरराष्ट्रीय शाळेची फी वेगळी, टॅक्स न लागता देऊ शकते, हे फार कमी जण मागतात. फरक बघा. तुम्ही टॅक्सच्या ४९.५ टक्क्यांच्या टप्प्यात असाल आणि सवलत बाजूला ठेवली, तर ८,००० युरो फी पगारातून भरायला कंपनीला तुम्हाला जवळजवळ १६,००० युरो जास्त द्यावे लागतील. फी म्हणून दिले तर ८,०००. पगार वाढवायला नाही म्हणणारी कंपनीसुद्धा याला सहसा तयार होते, कारण तिचेही पैसे वाचतात.

ऑफर लेटरमधलं वाक्य दोन्हीकडे नीट वाचा. ‘कंपनीच्या धोरणानुसार शिक्षण साहाय्य’ असं असेल तर काहीच मिळालेलं नाही असं समजा. मी वाचताना पुढच्या गोष्टी शोधतो. रक्कम प्रति मूल की प्रति कुटुंब? केवळ ट्यूशन फी की बस, नोंदणी, परीक्षा फीसुद्धा? केजीपासून की पहिलीपासून? तुमचा मुलगा चारचा आहे, दुबईत त्याला पूर्ण फी लागणार, आणि ‘सक्तीच्या शिक्षणाच्या वयापासून’ असे तीन शब्द कुठेतरी लिहिलेले असले तर त्याचा भत्ता गेला. भत्ता किती वर्षं, आणि नेमणुकीऐवजी तुम्हाला स्थानिक करारावर घेतलं तर तो थांबतो का? आणि सर्वात महत्त्वाचं: वर्षाच्या मध्यात नोकरी संपली तर चालू शैक्षणिक वर्षाची फी कोण भरणार? कंपनी टर्मागणिक पैसे देते, शाळा मात्र टर्म सुरू होऊन महिना उलटला की त्या टर्मची फी सहसा परत करत नाही. शेवटच्या मुद्द्यावर कंपन्या कुरकुरतात, तरी ‘चालू शैक्षणिक वर्ष पूर्ण होईपर्यंत’ एवढं लिहून घ्या. नोकरी गेलेल्या महिन्यात मुलांची शाळा हलवायला लागणं फार वाईट.

आता वेळापत्रक. मुलगी १३ ची, दुबईत ब्रिटिश शाळेत गेली तर साधारण ब्रिटिश पद्धतीच्या ‘इयर ९’ला बसेल. ‘इयर १०’ आणि ‘इयर ११’ला आयजीसीएसईचा (आपल्या दहावीसारखी परीक्षा) दोन वर्षांचा अभ्यासक्रम, मग दोन वर्षं ए लेव्हल (आपल्या अकरावी-बारावीसारखं) किंवा आयबी. तुमची ऑफर तीन वर्षांची आहे असं तुम्ही लिहिलंय. तीन वर्षांनी ती आयजीसीएसई संपवून बाहेर पडेल, म्हणजे सांधा बरोबर जुळतो. ऑफर दोन वर्षांची असती किंवा जायला वर्षभर उशीर झाला असता, तर करार संपताना ती अभ्यासक्रमाच्या मधोमध सापडली असती. तिथून दुसऱ्या देशात किंवा दुसऱ्या बोर्डात उडी मारणं म्हणजे बहुधा एक वर्ष मागे, आणि खासगी शाळेत एक वर्ष मागे म्हणजे एक पूर्ण फी जादा. आयबीच्या शेवटच्या दोन वर्षांतही असंच. त्या दोन वर्षांत मूल हलवू नये, अगदी बढती मिळाली तरी.

पाच वर्षांपलीकडे बघा. दुबईहून अठराव्या वर्षी मुलगी कुठेही शिकायला गेली तरी बहुतेक ठिकाणी परदेशी विद्यार्थिनी म्हणून जाईल आणि तशी फी भरेल. इंग्लंडचंच घ्या. पदवीची स्थानिक फी २०२५-२६ साठी ९,५३५ पौंड होती, परदेशी विद्यार्थ्याला ती बहुतेक अभ्यासक्रमांना याच्या दुपटीच्या आसपास किंवा जास्त पडते. नेदरलँड्समध्ये सरकारनं ठरवलेली पदवीची फी २०२५-२६ साठी २,६०१ युरो होती. ती मिळते युरोपीय संघाच्या नागरिकांना आणि ठरावीक प्रकारचे परवाने असलेल्यांना, त्यात कायम वास्तव्याचा परवानाही येतो. सलग पाच वर्षं राहिल्यावर त्या परवान्यासाठी अर्ज करता येतो, बाकीच्या अटी अर्थात असतात. तुमची मुलगी आज १३ ची आहे. यंदा गेलात तर ती अठराची होईतो पाच वर्षं भरतात, दोन वर्षांनी गेलात तर भरत नाहीत. एका मुलीच्या पदवीच्या फीतला हा फरक दुबईच्या कित्येक वर्षांच्या शिलकीइतका होऊ शकतो, आणि शाळेच्या कोणत्याही फी तक्त्यात तो दिसत नाही.

बाकी दोन किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी. चांगल्या शाळेजवळचं घर महाग असतं. इंग्लंड-अमेरिकेत तर पत्त्यावरच शाळा मिळते, म्हणजे फुकट शाळेची फी तुम्ही घरभाड्यात भरता. आइंडहोवनला हा ताण कमी. दुसरं, विमानाची तिकिटं. नेदरलँड्समध्ये शाळेच्या सुट्टीबाहेर मूल घेऊन गावी जाता येत नाही. परवानगी मिळणं अवघड आणि न विचारता गेलात तर दंड होऊ शकतो. चौघांची तिकिटं दर वर्षी ऐन गर्दीच्या भावानं धरा.

तुमच्या जागी मी असतो तर? तीन वर्षांनी नक्की परतायचं किंवा पुढे सरकायचं असेल आणि भत्ता खरा असेल, तर दुबई. मुलीचं वेळापत्रक जुळतंय आणि शिल्लक जास्त राहील. पाच वर्षं किंवा जास्त राहायचं असेल तर आइंडहोवन, पण मुलीला अनुदानित आंतरराष्ट्रीय शाळेत जागा मिळाली तरच. मुलाला मात्र सरळ डच शाळेत घाला, त्याच्यावर फी घालवू नका.

म्हणून या आठवड्यात दोन ईमेल करा. शाळांना: मुलीची जन्मतारीख, सध्याची इयत्ता आणि शेवटच्या दोन वर्षांची गुणपत्रकं पाठवून विचारा की तिला कोणत्या वर्षात बसवाल, जागा आहे की वेटिंग लिस्ट, आणि पहिल्या वर्षी भरायच्या सगळ्या रकमांची यादी द्या. ‘फी किती’ एवढंच विचारलंत तर एवढंच उत्तर येतं. दुसरा ईमेल एचआरला, वरच्या प्रश्नांसह, आणि सहीसाठी दोन आठवड्यांची मुदत मागून. ती सहसा मिळते. दरम्यान दोघांचे जन्मदाखले, लसीकरणाची नोंद आणि शाळा सोडल्याचा दाखला काढायला घ्या. दुबईसाठी हा दाखला साक्षांकित करावा लागतो की नाही, ते तुमच्या आत्ताच्या देशावर ठरतं. लागत असेल तर त्यात काही आठवडे जातात, आणि ऑगस्टअखेरीस वर्ग सुरू होतात तेव्हा शाळा त्यासाठी थांबत नाही.